ती अडचण नव्हती, आजार होता



मागच्या लेखात मी चातुर्मासातल्या शोधाच्या स्वयंपाकाविषयी लिहिलं होतं. पुष्कळजणींनी फोन करून पुढच्या वेळी उपवासानंतरच्या पारण्याचे पदार्थ लिहा असं सांगितलं. ते लिहीनच. पण आज विषय वेगळा आहे. हा विषय आपल्याकडे भिशीत निघत नाही, मंदिरातून परतताना निघत नाही, बहिणी-बहिणींतही निघत नाही. निघाला तरी आवाज खाली जातो आणि कुणीतरी उठून दार लोटून घेतं.

माझ्या थोरल्या जाऊबाई बारा वर्षांपूर्वी गेल्या. वय एकसष्ट. घरातला पहिला चौका त्यांनी लावला, मला प्रासुक पाण्याची मर्यादा त्यांनी शिकवली, पापड लाटताना कुठली लाटी कुणी घ्यायची हेही त्यांनीच ठरवलं. पाळी थांबून त्यांना सात-आठ वर्षं झाली होती. एका चातुर्मासात त्या मधूनच चौक्यात येईनाशा झाल्या. विचारलं तर म्हणायच्या, "गुडघे धरलेत ग, तू बघ आज." दोन दिवसांनी पुन्हा यायच्या. आम्हाला वाटलं, वय झालं.

गुडघे दुखत नव्हते. त्यांना मधून मधून डाग लागत होता. शिवाशिवीचा नियम त्यांनी मोडला नाही, त्या दिवशी आहाराला हात लावला नाही, गाभाऱ्यात गेल्या नाहीत. नियम पाळला, पण कारण कुणाला सांगितलं नाही. या वयात पुन्हा 'अडचण' आली हे सुनांना कसं सांगायचं? लोक काय म्हणतील? दीड वर्ष त्यांनी ते असंच झाकलं. मधे एकदा डॉक्टरकडे गेल्या, अंगावरून पांढरं जातं एवढंच सांगितलं, ताकदीच्या गोळ्या घेऊन आल्या. तपासणी झालीच नाही, कारण त्यांनी ती करू दिली नसती आणि कुणी आग्रहही धरला नाही. पुढे कंबर इतकी दुखायला लागली की झोप लागेना, तेव्हा मोठ्या शहरात नेलं. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर, तिसरी पायरी. लाईट दिली, सलाईनमधून औषधं दिली. दहा महिन्यांत गेल्या.

शेवटच्या दिवसांत मला म्हणाल्या, "मला वाटलं जुनी अडचणच परत आली." हे वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. म्हणून पहिली गोष्ट इथंच लिहिते. पाळी पूर्ण थांबून वर्ष झालं आणि त्यानंतर थेंबभरही रक्त दिसलं, तर ती अडचण नाही. ते आजाराचं लक्षण असू शकतं आणि त्याच आठवड्यात तपासून घ्यायचं. संबंधानंतर रक्त जाणं, दोन पाळ्यांच्या मधे जाणं, वास येणारा स्राव, हेही तसंच. नियम पाळायचा तर जरूर पाळा, चौक्यातून बाजूला बसा. पण बाजूला बसल्यावर घरात एकीला तरी खरं कारण सांगा.

आता हा आजार येतो कशाने? मी बी.कॉम. झाले ती १९८० च्या सुमारास. डॉक्टरकीचं मला काही कळत नाही, पण आकडे वाचता येतात आणि वही नीट मांडली आहे की नाही हेही कळतं. जाऊबाई गेल्यानंतर मी या विषयावर हाताला येईल ते वाचत गेले.

या आजाराचं पहिलं धागादोरं एका वहीतूनच निघालं. इटलीतल्या व्हेरोना शहरातल्या १७६० ते १८३९ पर्यंतच्या मृत्यूच्या नोंदी रिगोनी-स्टर्न नावाच्या डॉक्टरने तपासल्या आणि १८४२ मध्ये मांडल्या. गर्भाशयाचा कॅन्सर लग्न झालेल्या आणि विधवा बायकांत जास्त दिसत होता, मठातल्या ब्रह्मचारिणींमध्ये कमी. म्हणजे स्त्री-पुरुष संबंधातून काहीतरी येत होतं. काय येतं ते कळायला मात्र पुढे सव्वाशेहून जास्त वर्षं लागली. १९८३ आणि ८४ मध्ये जर्मनीच्या हाराल्ड त्सुर हाउसेन यांच्या प्रयोगशाळेने या कॅन्सरच्या गाठींमध्ये ह्यूमन पॅपिलोमा व्हायरसचे, म्हणजे एचपीव्हीचे, १६ आणि १८ क्रमांकाचे प्रकार शोधून काढले. २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

एचपीव्हीचे दोनशेहून जास्त प्रकार आहेत. जसजसे सापडत गेले तसतसे त्यांना नंबर पडले. त्यातले पुष्कळसे निरुपद्रवी. लहान मुलांच्या हातापायांवर चामखीळ येते ती याच घराण्यातल्या दुसऱ्या नंबरांमुळे. ६ आणि ११ या नंबरांमुळे जननेंद्रियावर मस येतात, पण कॅन्सर सहसा होत नाही. धोक्याचे साधारण चौदा: १६, १८, शिवाय ३१, ३३, ४५, ५२, ५८ वगैरे. त्यातले १६ आणि १८ हे दोघेच जगातल्या दहापैकी सात गर्भाशयमुख कॅन्सरांना कारण आहेत.

हा विषाणू पेशीत शिरला की दोन प्रथिनं तयार करतो, ई६ आणि ई७. पेशी वेडीवाकडी वाढू नये म्हणून शरीराने ठेवलेल्या राखणदारांनाच ही दोघं निकामी करतात. पण हे लगेच घडत नाही. बहुतेक बायकांचं शरीर एक-दोन वर्षांत विषाणूला आपणहून घालवून देतं. थोड्यांच्यात तो ठाण मांडतो, आणि तिथून कॅन्सर व्हायला साधारण दहा ते वीस वर्षं लागतात. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. इतकी लांब मुदत दुसऱ्या कुठल्या कॅन्सरमध्ये क्वचितच मिळते. मुदत वीस वर्षांची असताना आपण हुंडी बुडवतो, म्हणजे चूक हिशेबाची आहे.

आता आपल्या भागाची गोष्ट, जी आपल्याच भागात कुणाला माहीत नाही.

माझं माहेर लातूर. माझ्या लग्नपत्रिकेवर 'लातूर, जि. उस्मानाबाद' असं छापलेलं आहे, कारण लातूर जिल्हा वेगळा झाला तो १९८२ मध्ये. त्याच जुन्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांत १९९९ पासून या आजारावरचा एक फार मोठा प्रयोग झाला. बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल सेंटर आणि फ्रान्समधली कॅन्सर संशोधनाची आंतरराष्ट्रीय संस्था यांनी मिळून तो केला. डॉ. रंगास्वामी शंकरनारायणन आणि बार्शीचे डॉ. बी. एम. नेने हे त्यातले प्रमुख. कुंथलगिरीला जाताना आपण ज्या जिल्ह्यातून जातो, खिडकीतून ज्वारी बघतो, तिथल्याच ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका त्यात होत्या.

गावांचे ५२ गट केले आणि त्यांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी चार भागांत वाटणी केली. एका भागातल्या बायकांची एचपीव्हीची चाचणी, दुसऱ्यात पॅप स्मीअर, तिसऱ्यात व्हिनेगरमध्ये असतं तेच अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी. चौथ्या भागात फक्त माहिती दिली आणि नेहमीच्या सोयी होत्या तशा राहिल्या. चाचणी आयुष्यात एकदाच, आणि मग आठ वर्षं नोंदी. निकाल २००९ मध्ये जगातल्या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

त्यातले दोन रकाने मी माझ्या वहीत उतरवून घेतले. एचपीव्ही चाचणीच्या भागात ३४,१२६ बायका, नुसती माहिती दिलेल्या भागात ३१,४८८. पहिल्या भागात कॅन्सर निघाला १२७ जणींना, दुसऱ्यात ११८ जणींना. इथं थांबलात तर म्हणाल, चाचणी करून काय मिळालं? मलाही आधी तसंच वाटलं. पण उधारीच्या वहीत एकूण येणं किती एवढंच बघत नाहीत, कुठलं येणं किती जुनं झालंय ते बघतात. पहिल्या भागातल्या १२७ पैकी दुसऱ्या किंवा त्यापुढच्या पायरीवर गेलेल्या ३९. दुसऱ्या भागातल्या ११८ पैकी तशा ८२. आणि मृत्यू? पहिल्या भागात ३४, दुसऱ्यात ६४. एकदाच केलेल्या चाचणीने मरणं जवळपास निम्म्यावर आली. पॅप स्मीअर आणि व्हिनेगरच्या भागांत एवढा फरक दिसला नाही. एचपीव्ही चाचणीत 'काही नाही' असं निघालेल्या बाईला पुढे कॅन्सर होण्याचं प्रमाण, बाकी दोन चाचण्यांत 'काही नाही' निघालेल्या बायकांच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी होतं.

व्हिनेगरच्या पाहणीला मी कमी लेखत नाही. ती स्वस्त आहे, निकाल लगेच मिळतो. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलने दीड लाख बायकांमध्ये हाच प्रयोग दर दोन वर्षांनी पाहणी करून केला, आरोग्यसेविकांना शिकवून, आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. आपल्या स्वयंपाकघरात आपण व्हिनेगर येऊ देत नाही, पण इथं त्याचा उपयोग मानलाच पाहिजे. सरकारी व्यवस्थेत ३० ते ६५ वयाच्या बायकांसाठी दर पाच वर्षांनी हीच पाहणी सांगितली आहे. एचपीव्ही चाचणी मिळत असेल आणि परवडत असेल तर ती करा. नसेल तर ही करा. काहीच न करणं एवढं मात्र करू नका.

त्या चौथ्या भागातल्या ३१,४८८ बायकांचा विचार माझ्या मनातून जात नाही. त्यांना तपासलं नाही म्हणून बाकीच्यांना तपासण्याचा फायदा मोजता आला. यावर जगात टीका झाली, आणि मला ती योग्य वाटते. त्या वेळी आपल्या खेड्यांत कुणाचीच तपासणी होत नव्हती, म्हणून 'आहे तसं' म्हणजे 'काही नाही' असं झालं, असं उत्तर दिलं गेलं. उत्तर खरं आहे, पण त्यात लाज आपली सगळ्यांची आहे. त्या बायकांच्या जिवावर आलेलं ज्ञान परदेशात वापरलं जातं. आपल्याच तालुक्यात ते न वापरता पडून राहिलं तर त्यांचं दान आपण वाया घालवलं.

आता ज्याबद्दल बोलताना दार लोटतात ते. "हा रोग तसल्या बायकांना होतो," असं मी स्वतः ऐकलंय, मंदिराच्या ओट्यावर. मैत्रिणींनो, धाराशिवच्या त्या खेड्यांतल्या, संसारात असलेल्या बायकांमध्ये शंभरात सुमारे दहाजणींची चाचणी पॉझिटिव्ह आली होती. त्यांपैकी बहुतेकींना कॅन्सर नव्हता. एकाच नवऱ्याबरोबर आयुष्य काढलेल्या बाईलाही हा विषाणू होऊ शकतो. नवऱ्याला लग्नाआधी कधीतरी झालेला असेल, त्याला त्याचा पत्ताही नसतो. तो कधी आला हे सांगणारी चाचणीच नाही. तेव्हा पॉझिटिव्ह कागद हा कुणाच्या शीलाचा दाखला नाही, बाईच्याही नाही आणि नवऱ्याच्याही नाही. ब्रह्मचर्य अणुव्रत मी मानते आणि नातवंडांनाही सांगते. पण व्रत पाळणं आणि तपासणी करणं यात विरोध कुठे आहे? माझ्या जाऊबाईंच्या शीलावर बोट ठेवेल असा माणूस नांदेडात सापडणार नाही. तरी त्या याच आजाराने गेल्या.

आणखी एक नाजूक गोष्ट. आपल्या संघातल्या पुष्कळ आर्यिका माताजींनी आणि ब्रह्मचारिणी ताईंनी संसार करून, लेकरं मोठी करून मग दीक्षा किंवा व्रत घेतलेलं आहे. विषाणू जुन्या आयुष्यातला असला तर तो नव्या वेशात सोडून जात नाही. त्यांना स्वतःहून हे सांगता येत नाही. औषधपाण्याची, वैयावृत्त्याची जबाबदारी आपण श्राविकांची आहे. त्यांच्या मर्यादेत बसेल ते त्यांना विचारून, स्त्री डॉक्टर बोलावून करता येईल. निदान विचारायला तरी हवं.

आता लशीचं. माझी नात अकरा वर्षांची आहे. सून म्हणाली, "आई, डॉक्टरांनी एचपीव्हीची लस सांगितलीय, देऊ का?" मुलगा गप्प. घरात दोन शंका निघाल्या, त्या तुमच्याही घरात निघतील.

पहिली शंका मोबाईलवरच्या संदेशाची: 'या लशीने मुली मेल्या.' हे कुठून आलं ते शोधलं. २००९ मध्ये आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत एका परदेशी संस्थेच्या प्रकल्पात मुलींना ही लस दिली गेली. त्यातल्या सात मुलींचा मृत्यू झाला आणि एप्रिल २०१० मध्ये काम थांबवलं. चौकशीत हे मृत्यू लशीमुळे झाल्याचं आढळलं नाही. पण दुसरी गोष्ट आढळली: कित्येक मुलींच्या संमतीपत्रांवर आईवडिलांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या, मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या. संसदेच्या समितीने २०१३ मध्ये यावर कडक ताशेरे ओढले. माझं मत असं की ताशेरे बरोबर होते, आणि त्यातून घ्यायचा धडा 'लस नको' हा नाही, 'न विचारता नको' हा आहे. आम्ही नातीलाही समोर बसवून सांगितलं, कशासाठी आहे ते. तिने विचारलं, "दुखेल का?" म्हटलं, दुखेल थोडं.

दुसरी शंका धर्माची. लशीत जीव मारतात का? या लशीत जिवंत विषाणू नसतो. विषाणूचं नुसतं वरचं टरफल असतं, प्रथिनाचं, आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०२३ च्या जानेवारीत बाजारात आणलेल्या सर्व्हाव्हॅकमध्ये ते यीस्टच्या मदतीने तयार केलेलं असतं. त्यात ६, ११, १६ आणि १८ या चार नंबरांविरुद्ध संरक्षण आहे. मी पंडित नाही. पण संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी अशी हिंसेची चार रूपं आपण स्वाध्यायात शिकलोय, आणि गृहस्थाने संकल्पी हिंसा पूर्ण सोडायची असते. लेकराचा जीव वाचवायला घेतलेली सुई संकल्पी हिंसेत बसते असं मला वाटत नाही. डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांचा विचार करून आपण पाणी गाळतो. डोळ्यांना न दिसणारी गोष्ट खरी असते, हे आपल्याला कुणी नव्याने शिकवायला नको.

लस नऊ ते चौदा या वयात सगळ्यात चांगली लागू पडते, विषाणूशी गाठ पडण्याच्या आधी. या वयात दोन डोस देतात, पंधरानंतर तीन. इथंही आपल्या भागाचा हातभार आहे. २०१० मध्ये लसीकरण मधेच थांबल्यामुळे एका दुसऱ्या अभ्यासातल्या पुष्कळ मुलींना एकच डोस मिळाला होता. बार्शी, पुणे, मुंबई अशा नऊ ठिकाणच्या सतरा हजारांवर मुली त्यात होत्या. त्यांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केल्यावर दिसलं की एका डोसानेही १६ आणि १८ विरुद्धचं संरक्षण टिकून आहे. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक डोसही चालेल असं सांगितलं, त्यामागे हाही पुरावा होता. २०२४ च्या फेब्रुवारीत अर्थमंत्र्यांनी अंतरिम अर्थसंकल्पात नऊ ते चौदा वयाच्या मुलींच्या लसीकरणाला प्रोत्साहन देऊ असं म्हटलं. सरकार सरकारचं करील. आपल्या भिशीने दहा गरीब मुलींच्या लशीचा खर्च उचलायला कुणाची परवानगी लागत नाही. पंचकल्याणकाच्या बोलीत आपण याहून कितीतरी जास्त देतो.

एक लक्षात ठेवा. लस घेतली म्हणून तपासणी सुटत नाही, कारण बाकीचे नंबर उरतातच. आणि आपल्यासारख्यांचं लशीचं वय गेलं म्हणून सगळं संपलं असंही नाही. आपल्यासाठी तपासणी आहे. भारतात दर वर्षी सव्वा लाखाच्या वर बायकांना हा आजार होतो आणि जवळपास ऐंशी हजार जातात. वीस वर्षांची मुदत हाताशी असून.

मी स्वतः तपासणी करून घेतली, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, जाऊबाई गेल्यावर दोन वर्षांनी. आधीची रात्र झोप नव्हती. नर्सबाईने नाव विचारलं तेव्हा आवाज फुटेना. सगळं मिळून पाच मिनिटं लागली. बाहेर येऊन बाकावर बसले आणि रडले. स्वतःसाठी नाही. त्या पाच मिनिटांच्या लाजेपायी जाऊबाईंनी दीड वर्ष घालवलं, आणि एकाच घरात राहून मी त्यांना एकदाही विचारलं नाही, "खरंच गुडघे का?"

क्षमावणीच्या दिवशी आपण सगळ्यांची क्षमा मागतो, एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंत. मी दर वर्षी जाऊबाईंचं नाव मनात घेऊन मागते. या वर्षी तुम्हाला एक विनंती. क्षमावणीला सासू, जाऊ, नणंद यांच्या घरी जाल तेव्हा त्यांना बाजूला घेऊन एक प्रश्न विचारा: तपासणी केली का? नसेल तर तारीख ठरवा आणि बरोबर जा. एकटीने जायला फार जड जातं, दोघी असल्या की होतं.

नातीचा दुसरा डोस पुढच्या महिन्यात आहे. कॅलेंडरवर मी अष्टमी-चतुर्दशीसारखी खूण करून ठेवली आहे.

जय जिनेंद्र.